सांजेची तोप आणि आमचे सरकार

तोपेच्या नळीत काजळी साचते तसे किस्से साचतात. रोज गज घालून पुसा, चिंधी फिरवा, तरी दुसऱ्या दिवशी बोट घातलं की काळंच! तेरखेड्याच्या कारखान्यात आम्ही बायका फटाक्यांना वाती लावत बसतो, तेव्हा हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "पारूमावशी, तुमच्या सरकारचं सांगा की!" एक सांगितला की त्याच्या मागं दुसरा निघतो. परवा कारखानदाराच्या लेकीनं कागदच आणून पुढ्यात ठेवले. म्हणाली, "मावशी, चौथी पास आहात ना? मग लिहा."

लिहिते. शुद्ध-अशुद्ध तुमचं तुम्ही बघा.

आमचे सरकार म्हणजे जहागीरदार. येरमाळ्याच्या डोंगराकडची मोजकी गावं, एक गढी, एक म्हातारी घोडी आणि एक तोप. एवढंच राज्य! इंग्रजाच्या खाली निजाम, निजामाच्या खाली आमचे सरकार, सरकारच्या खाली आम्ही, आणि आमच्या ताब्यात तोप. त्यातही हैदराबादनं सरकारच्या डोक्यावर एक नाजिम आणून बसवलेला. वसुली त्याची, शिक्का त्याचा, कचेरी त्याची. तो सरकारला फक्त 'सल्ला' द्यायचा. सल्ला असा की, ऐकलाच पाहिजे!

सरकारच्या हातात उरली होती ती तोप. रोज सूर्य मावळला की गढीच्या मागच्या बुरुजावरून एक बार काढायचा. गोळा नाही, नुसती बारूद आणि आवाज. सनदेत लिहिलेलं होतं म्हणे, की तोप रोज सांजेला वाजेल तोवर गढी आणि मान सरकारच्या घराण्याचा. एक सांज मुकी गेली की हक्क संपला. सरकारच्या आज्यापासून एक सांज चुकली नव्हती. आणि नाजिम त्या एका चुकलेल्या सांजेची वाट बघत बसलेला!

आमच्या तोपखान्यात माणसं दोन. बत्ती लावणारे इमामचाचा आणि बारूद भरणारा माझा नवरा. नंतर मी.

* * *

मी कशी आले ते आधी सांगते.

माझा नवरा तापानं गेला तो भर दुपारी. बायका जमल्या, रडारड सुरू झाली. सूर्य कलायला लागला तसे इमामचाचा दारात येऊन नुसते उभे राहिले. पण मला कळलं. बारूद कोण भरणार?

मी तेरखेड्याची. आमच्या घरात पोर चालायला लागायच्या आधी बारूद ओळखतं. उठले, पदर खोचला, बुरुजावर गेले, नळी पुसली, बारूद घातली, वरून चिंध्यांचा बोळा घालून ठासली. चाचांनी बत्ती दिली. बार झाला. मग खाली येऊन पुन्हा रडायला बसले.

दुसऱ्या दिवशी गावातले चार शहाणे सरकारकडं गेले. "सरकार, विधवा बाईचा हात तोपेला लागला. बाटली तोप!" माझा दीरही त्यांच्यात होता. त्याला तोपखान्याशेजारची आमची खोली पाहिजे होती, आणि मी लेकराला घेऊन कुठं तरी जावं असं त्याचं म्हणणं.

सरकारनी विचारलं, "काल आवाज कमी आला का?"

"न्हाय, सरकार."

"धूर काळा निघाला का?"

"न्हाय, सरकार."

"मग तोपेनं बाई की बाप्या विचारलं नाही, मी कायकू विचारू?"

खोली माझी झाली. लेकरू त्याच खोलीत मोठं झालं. सासर-माहेर मिळून जे देऊ शकले नाहीत ते त्या माणसानं एका वाक्यात दिलं. आजही दोन घास खाते तेव्हा पहिली आठवण त्यांची येते. देवाची नंतर.

* * *

पावसाळा म्हणजे आमचा वैरी. बारूद ओलावली की नुसती फुसकी. मी ती मडक्यात घालून, तोंडाला मेण लावून, ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. पण तोपेच्या कानातनं, बत्ती लावायच्या भोकातनं, पाणी आत गेलं तर?

एकदा झड लागली. थांबायचं नाव नाही. मी आणि चाचा तोपेवर घोंगडं धरून उभे. घोंगडं गळायला लागलं. तेवढ्यात जिन्यावर खडखड झाली. बघतो तर सरकार! हातात ती मोठी काळी दरबारी छत्री, चांदीच्या मुठीची. ती त्यांच्या डोक्यावर धरायला एक माणूस पगारी होता. तो मागं भिजत उभा.

सरकारनी छत्री उघडली आणि तोपेवर धरली. स्वतः ओलेचिंब! दाढीतनं पाणी ठिबकतंय.

मी म्हटलं, "सरकार, ताप येईल तुम्हाला! छत्री डोक्यावर घ्या की."

"मला ताप आला तर हकीम आहे, बाई. हिला फुसकी आली तर नाजिम आहे!"

* * *

नाजिमाकडं एक घड्याळ होतं. हैदराबादहून आणलेलं, साखळीचं. त्यानं एकदा सल्ला दिला की, सूर्य मावळलेला ज्याला जसा दिसेल तसा दिसतो, तोप घड्याळावर उडवत जा.

सरकार म्हणाले, "सूरज माझ्या जहागिरीत मावळतो. तुमच्या खिशात नाही."

नाजिम चिडला. म्हणाला, तुमची तोप वेळेच्या आधी उडते, मी वर कळवीन. मग रमजान आला. नाजिम रोजा धरायचा, ते खरं सांगते. पण रोजा सोडायचा तो घड्याळावर, आमच्या तोपेवर नाही, असं त्यानं चारचौघांत सांगून ठेवलेलं.

पहिल्याच दिवशी सरकारनी त्याला इफ्तारला बोलावलं. शेजारी बसवलं. ताटात खजूर, फळं, भजी, घागरीतलं गार सरबत. उन्हाळ्याचा रमजान, घसा वाळलेला. मी खाली येऊन दाराआडून बघत होते. नाजिमाच्या एका हातात घड्याळ, एका हातात खजूर. वर बार झाला, धडाम्! आणि खजूर सरळ तोंडात!

सरकारनी अजून हात लावला नव्हता. अगदी हळू, अदबीनं म्हणाले, "नाजिमसाब, घड्याळ अभी बाकी है."

घड्याळाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

* * *

एकदा गोरा साहेब आला. दौऱ्यावर होता, तुळजापूरकडनं येऊन पुढं बीडकडं जाणार होता. वाटेत आमच्या गढीवर चहा. नाजिमाची नुसती धावपळ! त्यानं सरकारला सल्ला दिला, "साहेबाच्या दर्जाप्रमाणे सलामीच्या तोपा झाल्या पाहिजेत. एकही कमी नाही."

आता मोठ्या दर्जाच्या साहेबाला तोपाही भरपूर. ज्यांच्याकडं दहा तोपा असतील त्यांचं ठीक. आमच्याकडं एक! एक बार काढायचा, मग नळी पुसायची, ओल्या चिंधीनं गार करायची, आत ठिणगी राहिली नाही ना बघायचं, बारूद घालायची, ठासायची, मग पुढचा बार. घाई केली तर मीच उडायची.

साहेब अंगणात टोपी काढून ताठ उभा राहिला. त्यांची रीतच तशी, सलामी संपेपर्यंत हलायचं नाही. वर वैशाखाचं ऊन. पहिला बार झाला. साहेब हसला. मी नळी पुसायला घेतली.

तिसऱ्या बाराला साहेबाचं नाक लाल झालं. पाचव्याला टक्कल. पुढं पुढं तर तो मावळतीच्या सूर्यफुलासारखा मान टाकून उभा. चहा गार, बिस्किटांवर माश्या. नाजिम वर बघून मला हातानं खुणावतोय, लवकर, लवकर! मी खालून दिसेल अशी चिंधी पिळली आणि पुन्हा सावकाश पुसायला लागले.

शेवटी साहेबानंच दुभाष्याला सांगितलं, "पुरे. बस्स झालं."

सरकार छातीवर हात ठेवून वाकले. "हुजूर, अजून निम्म्या बाकी आहेत. आपकी शान कम करनेका मेरेकू हक नहीं!"

आणि वर बघून ओरडले, "पारूबाई, सावकाश! भाजून घेऊ नको!"

तो साहेब पुन्हा कधी आमच्या वाटेनं आला नाही. नाजिमानंही सलामीचा सल्ला पुन्हा दिला नाही.

* * *

मग ते मोठं युद्ध लागलं. नाजिमाला चांगलं निमित्त मिळालं. हुकूम काढला की, लढाईचे दिवस आहेत, जहागिरीत बारूद आणायला बंदी. फक्त लग्नाच्या आतषबाजीला परवानगी, तीही अर्ज केल्यावर. त्याचा हिशेब सरळ होता. कणगीतलं मडकं संपलं की सांज मुकी.

मी मडक्यात हात घालून बघितलं. दिवाळीपर्यंत पुरेल एवढीच. सरकारकडं गेले, तोंडावर सांगितलं, "दिवाळीनंतर तोप बंद. तुमची गढी जाईल, माझी खोली जाईल. काय करायचं बोला."

सरकार खिडकीत बसले होते. खाली अंगणात माझं तुळशीचं वृंदावन. तुळस मीच लावलेली. सरकारनी तिकडं बघत विचारलं, "बाई, तुमच्या तुळशीचं लग्न असतं ना?"

"असतं की. दिवाळी झाली की."

"आतषबाजी करता?"

"करतो की! लग्न म्हटल्यावर!"

"गावात तुळशी किती?"

"घरटी एक."

दुसऱ्या दिवशी सरकार स्वतः कचेरीत गेले. इमामचाचा सांगायचे, नाजिमाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुसलमान जहागीरदार तुळशीच्या लग्नाची परवानगी मागतोय! तीही एका लग्नाची नाही, गावातल्या एकूण एक तुळशीची! नाजिम म्हणाला, "सरकार, ही कसली लग्नं? झाडाची?"

सरकार म्हणाले, "मेरी रयत की लडकियां हैं. कुठल्या पोरीचं लग्न बिनाआवाजाचं लावू, तुम्हीच सल्ला द्या."

हुकूम त्याचाच. लग्न म्हणजे लग्न. सही करत बसला बिचारा!

माझा भाऊ तेरखेड्याहून गाडी भरून आला. त्या वर्षी पोरांना अंगणात फुलबाज्या मिळाल्या, तुळशींना एकेक भुईनळा, आणि बाकीची सगळी बारूद माझ्या कणगीत. पुढच्या वर्षी नाजिमानं अर्ज बघताच विचारलं, "यंदा नवऱ्या किती वाढल्या?"

* * *

सरकार रोज तोप झाल्याशिवाय सांजेचं जेवायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. वय झालं, गुडघे गेले, बुरुजावर येणं बंद झालं, तसं ते खिडकीशी पलंग टाकून बसायचे. समोर मशिदीचा घुमट, त्यावर पारव्यांचा थवा. तोप झाली की सरकार म्हणायचे, "वाह! आज बुलंद!" आणि ताटाला हात लावायचे. आम्हाला आपलं बरं वाटायचं.

एकदा बारूद भरून मी खाली आले. चाचा वर सूर्याकडं बघत बसलेले, अजून थोडं ऊन होतं. मी सरकारचं ताट नेऊन ठेवलं. तेवढ्यात एक घार खाली आली आणि घुमटावरचे सगळे पारवे भर्रकन उडाले.

"वाह! आज बुलंद!" सरकार म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी बघतच राहिले. तोप कुठं झाली?

सरकारनी दोन घास खाल्ले. पारवे फिरून घुमटावर बसले. आणि मग वर बार झाला! माझ्या कानात दडे बसले. सरकारच्या पापणीलाही पत्ता नाही. निवांत चावतायत. पारवे पुन्हा उडाले, तेव्हा मात्र त्यांनी खिडकीकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन दोन कायकू उडवता, बाई? बारूद फुकट आली का?"

सरकारना ऐकू येत नव्हतं! कधीपासून, देव जाणे. हे नाजिमाला कळलं तर तो 'सरकार नाकाबिल, कारभार जमत नाही' म्हणून हैदराबादला कळवणार आणि सगळंच जाणार.

धावत बुरुजावर गेले. "चाचा! सरकार बहिरे झालेत!"

इमामचाचांनी कानामागं हात धरला. "क्या बोली?"

आयुष्यभर तोपेपाशी उभं राहून दुसरं काय होणार!

* * *

त्यावर तोड मीच काढली. नाजिम सल्ला द्यायला आला की मी सरकारची पानदाणी घेऊन त्याच्या मागं उभी राहायची. नाजिम बोलायचा. मी त्याच्या पाठीमागनं मान हलवायची. उभी हलवली की सरकार म्हणायचे "हौ". आडवी हलवली की "नक्को".

सारा वाढवायचा? आडवी. गुरांच्या कुरणावर कर? आडवी. शाळेला खोली? उभी. विहिरीचा गाळ काढायचा? उभी.

महिना-दोन महिन्यांनी नाजिम आपल्या कारकुनापाशी कुरकुरला, "म्हातारा या वयात भलताच कडक झाला. आणि गावातल्या बायकांना काय पाहिजे ते याला कसं कळतं?"

आता जहागीर कोण चालवत होतं ते तुम्हीच ठरवा!

* * *

पुढचे दिवस वाईट आले. ते तुम्हाला ठाऊक आहेत, मी कशाला सांगू? नाजिम एका पहाटे गढी सोडून निघून गेला. मग निजामाचं नाव घेत एक हत्यारबंद टोळी आली. त्यांना तोप पाहिजे होती, शेजारच्या गावावर लावायला.

त्यांनी बुरुजाकडं बोट दाखवलं तसे सरकार पलंगावरनं म्हणाले, "या तोपेनं कधी गोळा बघितलेला नाही. आणि ती माझ्या ताब्यात नाही. बाईच्या ताब्यात आहे. तिला विचारा."

ते बुरुजावर आले. मी कणगीतली सगळी मडकी वर आणून ठेवली होती. सगळ्यांची तोंडं उघडी. मध्ये मी बसलेली, हातात पेटती बत्ती.

म्हटलं, "या. तोप घेऊन जा. मला उठवायला कोण येतंय, तो पुढं व्हा."

कुणी आलं नाही. शिव्या दिल्या आणि गेले. पुढं निजाम हरला, वारं फिरलं. दुसऱ्या बाजूची टोळी आली, त्यांना सरकार पाहिजे होते. तोच बुरूज, तीच मडकी, तीच मी. फक्त या वेळी माझ्या मागं गावातल्या तुळशीवाल्या सगळ्या बाया येऊन उभ्या राहिल्या. माझी जाऊसुद्धा! तेही गेले.

खाली आले तेव्हा बत्ती अजून हातातच पेटती होती. सरकारनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. पण बोलले काय?

"बत्ती विझव, बाई. सांजेला अजून वेळ आहे."

* * *

आणि शेवटचा.

जहागिऱ्या गेल्या. नवं सरकार आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझं लेकरू त्यांच्याच शाळेत शिकलं. फौजेची माणसं आली, भली होती. हत्यारं जमा करायचा हुकूम होता. त्यांचा साहेब म्हणाला, "बाई, तोप म्हणजे हत्यारच." मी म्हटलं, "हिनं कुणाला मारलं नाही." तो म्हणाला, "खरं असेल. पण हुकूम आहे." दुपारी बैलगाडीत घालून मागच्या वेशीनं घेऊन गेले. मी नळी शेवटची पुसून दिली. काजळी ठेवून कशी पाठवायची?

सरकार तेव्हा उठत नव्हते. खिडकीशी पडून असायचे, दिवसभरात खाणं म्हणजे तो सांजेचा एक घास. गाडीचा खडखडाट त्यांना ऐकू गेला नाही. आता त्यांना सांगायचं कुणी?

चाचा जिन्यात बसून राहिले. म्हणाले, "पारू, तू बोल. तुझी जबान तेज आहे."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "चाचा, सांगितलं तर जेवायचे नाहीत. आज नाही, उद्या नाही. कधीच नाही."

"मग नको सांगू."

"मग तोप नाही झाली म्हणून जेवायचे नाहीत!"

मी ताट वाढलं. गरम भाकरी, दूध, थोडा गूळ. ताट घेऊन आत गेले, पलंगाशी ठेवलं आणि ठरवलं की, सांगायचंच. खुणा करून का होईना, तोंडावर सांगायचं. आजवर तसंच केलंय.

ऊन घुमटावरनं उतरलं. सूर्य डोंगराला टेकला, आणि बुडाला. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात घुमटावरचे पारवे, सगळेच्या सगळे, भर्रकन उडाले.

घार नव्हती. मांजर नव्हतं. मी खिडकीतनं वाकून बघितलं. आभाळ मोकळं होतं. पारव्यांनी गढीवरनं एक मोठा फेरा घेतला आणि पुन्हा घुमटावर येऊन बसले.

सरकारनी माझ्याकडं बघितलं.

मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आज बारूद जरा कम पडली, बाई."

"व्हय, सरकार," मी म्हटलं. "उद्या बरोबर भरते."